पाणी मारलेली मिरची

आमच्या कांडपाची चौकशी करायला माणसं येतात. वही उघडतात आणि विचारतात, "ताई, प्रेरणा कुठून मिळाली?" मी सांगते, सूड. ती हसतात. त्यांना वाटतं बाई गमतीची आहे. मग ती लिहून नेतात की बायका एकत्र आल्या, स्वतःच्या शेतातली मिरची स्वतःच कांडायला लागल्या, आणि मधला माणूस गेला. मधला माणूस गेला नाही. मी त्याला घालवला. यात फरक आहे, आणि तो फरक कुणीच लिहीत नाही.

मधला माणूस म्हणजे अडत्या. आमच्याकडे मिरची पिकवायची आणि त्याच्या आवारात नेऊन ओतायची, याच्या पलीकडे कुणाला काही सुचायचं नाही. त्याच्याकडे एक पारखी होता. त्याला खरं नाव असणार, पण सगळे त्याला नाक म्हणायचे. "नाक आलं का?" "नाक जेवायला गेलंय." तो ढिगाजवळ यायचा, एक मिरची उचलायचा, मोडायचा, नाकाशी धरायचा, आणि एक शब्द बोलायचा. त्या एका शब्दावर तुमचं वर्ष.

पंधरा वर्षांपूर्वी आईच्या ढिगातली मिरची त्यानं मोडली, हुंगली आणि म्हणाला, "फटकी."

फटकी म्हणजे ऊन-पाऊस खाऊन पांढरी पडलेली, टाकाऊ मिरची. आईचा ढीग कसा होता सांगू? बघितला की डोळे मिटावेसे वाटायचे, इतका लाल. आईनं तो महिनाभर स्वतःच्या हातानं उलटापालटा केला होता. मी बाजूलाच उभी होते, बावीस वर्षांची, नुकतीच नवऱ्याला सोडून आलेली, तोंडात शिव्या तयार असलेली. पण आईनं माझा दंड धरला. नाकानं मोडून फेकलेली मिरची तिनं वाकून उचलली आणि परत ढिगावर ठेवली. अडत्यानं तो ढीग फटकीच्या भावानं घेतला, आणि आमच्यासमोर त्याच्या माणसांनी तो एक नंबरच्या पोत्यांत भरला. आम्ही गेल्यावर नाही. आमच्यासमोर.

आई घरी येऊन जेवली. मी नाही जेवले. मी ठरवलं की एक दिवस या माणसाच्या आवारात कुत्री झोपतील.

त्याला चौदा वर्षं लागली. बंद पडलेल्या बर्फाच्या कारखान्याची शेड मिळाली. भिंतींना अजून ओल होती, ती घालवण्यात एक उन्हाळा गेला. मग पाच मुसळांचं कांडप यंत्र आलं, तारेच्या चाळण्या आल्या, पत्र्याचे डबे आले. अकरा घरं आली. पहिल्या दिवशी यंत्र सुरू केलं आणि अकराच्या अकरा बायका शिंकत बाहेर पळाल्या. आमच्यात एक रेडिओ काकू आहे. तिला तोंड मिटायचं बटण नाही. ती ठसकत ठसकत म्हणाली, "अगं, हे यंत्र मिरची कांडतंय का आपल्याला?" आठ दिवसांत शिंका थांबल्या. महिन्याभरात आमची नाकं सुद्धा थांबली. म्हणजे वास यायचाच बंद झाला. घरात दूध करपलं तरी आम्हाला कळायचं नाही, शेजारणी ओरडायच्या. आम्ही त्यावर हसायचो. तेव्हा हसायला येत होतं.

अडत्याचं आवार बाजूच्याच रस्त्यावर आहे. आमच्या टेम्पोला तिथून जायची गरज नव्हती. मी मुद्दाम न्यायचे. त्याच्या नाकावर टिच्चून, हॉर्न वाजवत. वर्षभरात त्याच्याकडे येणारी मिरची निम्म्यावर आली, मग निम्म्याच्या निम्म्यावर. एक दिवस कळलं की त्यानं नाकाला घरी बसवलं. हुंगायला काही उरलंच नव्हतं. त्या दिवशी मी दोन वेळा जेवले.

अडत्या रस्त्यात भेटला तेव्हा शांतपणे म्हणाला, "बाई, कांडप म्हणजे काय चूल पेटवणं नाही. एक खेप फसली की अकराच्या अकरा घरं माझ्या दारात. आणि तू सगळ्यांत मागं."

खेप फसली. दुसरीच.

मोठ्या कारखान्याच्या कँटीनला आम्ही मिरची पूड नुकतीच द्यायला लागलो होतो. दिवसाला हजार माणसं जेवतात तिथं. पहिली खेप त्यांच्या आचाऱ्यानं डोक्यावर घेतली होती. दुसरी त्यानं स्वतः टेम्पोत घालून परत आणली. हा आचारी अंगानं आडवा, बोलण्यानं सरळ. त्यानं शेडमध्ये डबा उघडला आणि माझ्यासमोर उलटा केला. पूड पडलीच नाही. डब्याच्या आकाराचा एक गोळा बाहेर आला.

"वास घे," तो म्हणाला.

मी वास घेतला. मला काहीच आलं नाही. बाकीच्यांनी घेतला. त्यांनाही नाही. आम्ही सगळ्या डब्याभोवती शहाण्यासारखा चेहरा करून उभ्या.

"तुम्हा सगळ्यांची नाकं मेलीत की काय?" आचारी म्हणाला. "ओल्या गोणपाटाचा वास मारतोय. तेलात टाकली की अख्खी खोली कुबट. परवा दुपारपर्यंत चांगली आण. नाहीतर अडत्यानं डबे तयार ठेवलेत, मी त्याचे घेतो आणि वर्षभर त्याचेच घेतो. मला हजार माणसं जेवू घालायचीत, तुमचं कौतुक नाही करायचं."

तो गेला. रेडिओ काकूनं तो गोळा झाडूनं भरून परत डब्यात टाकला.

शेडमध्ये पुढच्या खेपेची वीस पोती रचलेली होती. प्रत्येक घर आपलं पोतं वेगळ्या रंगाच्या दोऱ्यानं शिवतं, त्यामुळे कुणाचं कुठलं ते कळतं. मी सगळी उघडली. मिरची लाल, कडक, मोडली की कट् आवाज. हाताला कोरडी. डोळ्याला देखणी. पण परत आलेली खेपसुद्धा कांडायच्या आधी अशीच दिसत होती. मिरची एकदा भिजून आत बुरसली की वरून कितीही वाळवा, तो वास आत बसून राहतो आणि पूड झाली की बाहेर येतो. विसांतली कुठली पोती तशी, हे फक्त नाकानं कळणार. आणि आमच्यापैकी एकीलाही नाक उरलं नव्हतं.

कोपऱ्यावरच्या शिंप्याला बोलावलं. त्यानं पहिल्या पोत्यात डोकं घातलं, अकरा शिंका दिल्या आणि टेप गळ्यातच ठेवून पळाला.

"आता एकच माणूस आहे," रेडिओ काकू म्हणाली.

"त्याचं नाव काढू नको."

"मी कुठं नाव काढलं? त्याला नावच कुठंय?"

मी नाक मुठीत धरून नाकाकडे गेले. हसा. मला पण जाताना हसू आलं होतं, आणि त्याचाच जास्त राग आला.

दोन खोल्यांचं घर. बाहेरच्या खोलीत खाटेवर तो उताणा, नाकपुड्यांत तेलाचे थेंब सोडलेले. बायको दारातच म्हणाली, "पाच मिनिटं थांबा, तेल मुरतंय." नोकरी जाऊन सहा महिने झाले होते तरी हा माणूस रोज नाकाला तेल घालत होता. तंबाखू नाही, विडी नाही, कांदा नाही. त्याची बायको फोडणीसुद्धा मागच्या अंगणात करायची. "यांच्या नाकापायी माझा जन्म अंगणात गेला," ती मला म्हणाली, जशी काही मी तिची नणंद.

तो उठून बसला. मला बघून घाबरला नाही, याचं मला वाईट वाटलं.

"खेप परत आली म्हणे," तो म्हणाला.

"तुम्हाला कुणी सांगितलं?"

"वारं तिकडूनच होतं." मग बायकोकडे बघून, "हिनं सांगितलं. बाजारात कळलं तिला."

मी सांगितलं, वीस पोती आहेत, चांगली-वाईट वेगळी करून द्यायची. उद्या सकाळी. पण आधी एक काम. सगळ्यांसमोर उभं राहून सांगायचं की आईचा ढीग फटकी नव्हता.

त्यानं रुमालानं नाक पुसलं. हळूच, काच पुसतात तसं. "सांगेन की. खरं तेच आहे. पण मग पुढं मी जे सांगेन ते पण ऐकावं लागेल, पोरी. मला दोन्ही तोंडांनी बोलायचा कंटाळा आलाय."

"तुमच्या कंटाळ्याचं मला कौतुक नाही. सात वाजता या."

सकाळी सातला अकरा घरं शेडमध्ये हजर. आई एका बाजूला बसून देठ खुडत होती. कुणी बोलावलं म्हणून आई कधी हातातलं काम टाकत नाही. नाक आलं. धुतलेला सदरा, तेल मुरलेलं नाक. मी त्याला मधोमध उभं केलं.

तो म्हणाला, "अडत्यानं कान खाजवला की फटकी म्हणायचं, असं ठरलेलं होतं. या बाईंचा ढीग त्या दिवशी आवारातला सगळ्यांत चांगला होता. मी फटकी म्हणालो. बाकीच्यांचेही पुष्कळ ढीग तसेच."

शेडमध्ये एकदम कालवा झाला. कुणी म्हणालं, माझा पण? कुणी म्हणालं, माझ्या भावाचा? रेडिओ काकूनं हातातला झाडू उलटा धरला. मी पंधरा वर्षं हा क्षण पाहत होते. स्वप्नात यात आई रडायची, मी तिला जवळ घ्यायचे, वगैरे.

आईनं वर पाहिलंसुद्धा नाही. म्हणाली, "यात नवीन काय? तेव्हाच दिसत होतं, याचं नाक इकडे आणि डोळे त्याच्या कानाकडे."

मग ती उठली. पुढ्यातल्या टोपलीतली एक मिरची घेऊन नाकासमोर गेली. "ही बघ."

त्यानं मोडली, हुंगली. "चांगली."

"मोठ्यानं."

"चांगली!"

"ही?"

"चांगली आहे."

"पूर्ण म्हण. एक नंबर."

"एक नंबर."

"ही?"

आई एकेक मिरची देत गेली, तो एकेक मोडत गेला. बायका मोजायला लागल्या, टाळ्या वाजवायला लागल्या. मला इतकं सुख झालं की मीही मोजायला लागले. बारा झाल्या, पंधरा झाल्या. त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं. विसाव्या मिरचीला तो माझ्याकडे वळून हळू आवाजात म्हणाला, "पोरी, माझं नाक साठ मिरच्या चालतं. पुढं दिवसभर बसतं. वीस गेल्या. तुझी पोती वीस आहेत, पोत्याला दोन तरी लागतात. ठरव."

आईच्या हातात एकविसावी मिरची होती. तिनं ऐकलं होतं. तिनं मिरची पुढे धरलीच. तिला पर्वा नव्हती. तिच्या मते कांडप गेलं तर गेलं, हा माणूस आज हुंगून हुंगून मेला पाहिजे. आणि खरं सांगते, मलाही तेच वाटत होतं. पण हा तिच्यासमोर शिंकून मरेल आणि उद्या अडत्या कँटीनमध्ये डबे उतरवेल, हे मला नको होतं. मी आईचा हात धरला. पंधरा वर्षांपूर्वी तिनं माझा दंड धरला होता त्याहून घट्ट. "बस झालं, आई."

"माझं नाही झालं."

"मला पोती बघायचीत."

तिनं मिरची जमिनीवर टाकली आणि जाऊन बसली.

नाक पोत्यांकडे गेलं. प्रत्येक पोत्यात कोपरापर्यंत हात घालायचा, तळाजवळची एक, मधली एक. पहिली पाच चांगली. सहाव्याला थांबला. दोनदा हुंगलं. बोटानं बी काढून उजेडात धरलं. बी काळं होतं. "याला पाणी मारलंय. भरताना. मग बाहेरून वाळलं, आत बुरसलं."

पोत्याचा दोरा हिरवा होता. हिरवा दोरा आमच्या घराचा.

मला वाटलं हा बदला घेतोय. मी त्याच्या अंगावर जाणार एवढ्यात मागून आई म्हणाली, "मारलंय मी."

"काय?"

"पाणी. तांब्याभर. पोतं भरलं की तोंड शिवायच्या आधी मारते." ती एखाद्या रोजच्या कामाबद्दल सांगावं तसं सांगत होती. "अडत्या वजनात मारायचा, हा नाकात मारायचा, मी पाणी मारायचे. चौदा वर्षं एक पोतं कोरडं दिलं नाही मी त्या मेल्याला. तू तोंडानं सूड सूड करत फिरलीस. मी घेत होते."

"पण आई, हे आपलं कांडप आहे!"

"माहितेय. पण पोतं भरलं की हात तांब्याकडे जातो. हाताला काय कळतंय, पोतं कुणाचं?"

रेडिओ काकूनं खाकरून घसा साफ केला. "लाल दोरा पण बघा हो जरा," ती म्हणाली. "मी आठवतेय. बहुतेक मारलं असेल." मग निळा दोरा बोलला, मग पिवळा. अडत्याला लुटायला शिकलेले हात घेऊन आम्ही स्वतःचा धंदा काढला होता. आधीचा सगळा माल भरल्या-भरल्या कांडला म्हणून वाचला. कँटीनची दुसरी खेप आणि ही वीस पोती तीन-तीन आठवडे बसून राहिली.

विसांतली सात पोती बाद झाली. तीन आमची. नाकानं पाठीमागे हात बांधून सांगितलं, "एवढीच. बाकीची एक नंबर." मग खाली बसला आणि दहा मिनिटं नुसता शिंकत राहिला.

बाद पोती दाराबाहेर ठेवायची होती. सगळ्या माझ्याकडे बघत होत्या. मी आईचं पोतं कुणाला उचलू दिलं नसतं. मी स्वतः ओढत नेलं, तिन्ही, एकामागून एक, तिच्या समोरून. तिसऱ्या पोत्याला ती म्हणाली, "त्यानं खोटं बोलून फेकलं, ते मी गिळलं. तू खरं बोलून फेकतेस, हे गिळवत नाही."

"गिळू नको," मी म्हणाले. "थुंक. पण पुढचं पोतं कोरडं आण."

ती उठून घरी गेली. मी यंत्र सुरू केलं. तो दिवस आणि दुसऱ्या दिवशीची सकाळ आम्ही तेरा पोती कांडली, थांबून थांबून, कारण मुसळं तापली की पूड काळवंडते. चाळली, गार केली, डब्यांत भरली. प्रत्येक डब्यावर पोत्याच्या रंगाचा दोरा बांधला, म्हणजे कुणाच्या हातानं काय केलं ते पुढंही कळेल. निघताना नाक टेम्पोत येऊन बसलं. मी बोलावलं नव्हतं. मी उतरवलंही नाही.

कँटीनच्या मागच्या दारात अडत्याची गाडी आधीच उभी. डबे रचलेले, अडत्या खुर्चीवर, पायावर पाय. मला बघून आचाऱ्याला म्हणाला, "या बाईंना चहा द्या. फार लांबून हात हलवत आल्यात."

आचाऱ्यानं आमचा एक डबा उघडला, चिमूटभर पूड गरम तेलात टाकली. तेल लाल झालं. तो वाकला, वास घेतला, सरळ झाला. "उतरवा," म्हणाला. एवढंच. मला तेवढं पुष्कळ.

अडत्यानं पाय खाली घेतले. मग त्याची नजर टेम्पोत गेली. "अरे, तू इथं? चल, बस माझ्या गाडीत. उद्यापासून ये कामावर. झालं गेलं सोड."

नाक खाली उतरलं. मी अडवलं नाही. फक्त म्हणाले, "जायचं तर जा. पण जाताना त्याच्या डब्याचं झाकण उघडा, वास घ्या आणि काय आहे ते यांना सांगा. कान कुणी खाजवला तर तिकडे बघू नका."

अडत्या उठला. "याची काही गरज नाही."

आचारी म्हणाला, "आहे. उघड."

नाकानं झाकण काढलं. हुंगायची वेळसुद्धा आली नाही, डबा छातीशी होता तेव्हाच त्याचा चेहरा बदलला. तरी त्यानं रीतीप्रमाणे हुंगलं. "दोन वर्षांपूर्वीची. निम्म्या बिया. वर तेल चोळलंय लालीसाठी." मग डबा अडत्याच्या हातात दिला आणि म्हणाला, "तुमच्याकडे होतो तेव्हा मी हिला एक नंबर म्हणालो असतो."

आचाऱ्यानं अडत्याच्या डब्यांकडे बोट केलं आणि फाटकाकडे केलं. अडत्यानं माणसांना हाक मारली, पण माणसं आमचे डबे उतरलेले बघत उभी होती, म्हणून पहिले दोन-चार त्यानं स्वतःच उचलले. मी चहा मागून घेतला आणि तो सगळे डबे चढवेपर्यंत सावकाश प्याले. साखर जास्त होती. तरी प्याले.

नाक आता आमच्या शेडच्या दारात बसतं. खुर्ची मी दिली नाही, स्टूल दिलंय. प्रत्येक पोतं त्याच्यासमोरून जातं, प्रत्येकाला खरं सांगावं लागतं, सगळ्यांसमोर, रोज. चाळीस वर्षं खोटं बोललेल्या माणसाला याहून मोठी शिक्षा मला सुचली नाही. त्याला ती आवडते असं दिसतं. त्याचा मला त्रास होतो.

आई येते. दर आठवड्याला पोतं आणते, माझ्याकडे न बघता नाकापुढे टेकवते. ते हुंगतं, म्हणतं, "चांगली." ती म्हणते, "मोठ्यानं." मग ती जाते. घरात आम्ही एका ताटलीतून नाही, पण एकाच भांड्यातून वाढून घेतो आणि बोलत नाही.

काल तिची तीन पोती आली. मी हात घातला. अशी कडकडीत की बोटांना टोचली. मी म्हणाले, "आई, मिरची छान वाळवलीस."

ती पहिल्यांदा माझ्याकडे वळली.

"तुला कुणी विचारलं?"